घरचं बॉडी लोशन फुटतंय, पातळ होतंय, रवाळ लागतंय? आधी पाणी आणि उष्णता तपासा

लोशन बिघडलं की पहिला संशय कृतीवर जातो. सगळं सांगितल्याप्रमाणे केलेलं असतं, तरी चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पाणी साचतं, वर तेल तरंगतं किंवा हातावर घेतल्यावर कण लागतात. मराठवाड्यात यामागे पुष्कळदा दोनच गोष्टी निघतात: बोअरचं जड पाणी आणि उन्हाळा. मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक कृती शुद्ध पाणी आणि पंचवीसेक अंशांची खोली गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पत्र्याखालच्या खोलीत यातलं काहीच नसतं. म्हणून कृती बदलण्याआधी या दोन गोष्टी ताब्यात घ्या. त्यानंतरही बिघाड राहिला, तर तो कुठला आहे हे ओळखून दुरुस्त करा.

लोशन म्हणजे पाण्यात तेलाचे अतिशय बारीक थेंब पसरलेले असतात, आणि ते थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून मध्ये इमल्सिफायर असतो. तो नसेल, कमी असेल किंवा नीट वितळलेला नसेल, तर कितीही घुसळा, तेल आणि पाणी वेगळं होणारच. खोबरेल, गुलाबपाणी आणि मधमाशांचं मेण एवढ्यावर लोशन करायला सांगणाऱ्या कृती इथेच फसतात. मधमाशांचं मेण घट्टपणा देतं, पण ते एकटं तेल-पाणी बांधून ठेवू शकत नाही. मेणबत्तीचं मेणही नाही. दुकानात मागताना ‘इमल्सिफाइंग वॅक्स’ असंच मागा आणि ते पॉलिसॉर्बेट असलेलं आहे ना, हे विचारून घ्या. त्याचा दुसरा एक प्रकार सोडियम लॉरिल सल्फेट घालून केलेला असतो. तो त्वचेला थोडा कडक लागतो आणि जड पाण्यात लवकर दगा देतो.

बिघाड शोधायला हाताशी एक खात्रीची मूळ कृती हवी. ही २०० ग्रॅमची आहे. सगळी मापं वजनात आहेत, चमच्यात नाहीत.

पाण्याचा भाग
डिस्टिल्ड वॉटर १५० ग्रॅम
ग्लिसरीन ८ ग्रॅम
झँथन गम (पाण्याला दाटपणा देणारी पूड) ०.४ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए (पाण्यातले धातूचे अंश बांधणारी पूड) ०.२ ग्रॅम

तेलाचा भाग
करडईचं तेल २० ग्रॅम
इमल्सिफाइंग वॅक्स १० ग्रॅम
सिटाइल अल्कोहोल ४ ग्रॅम
कोकम किंवा शिया बटर ४ ग्रॅम

शेवटी घालायचं
फिनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन एकत्र असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह २ ग्रॅम
व्हिटॅमिन ई १ ग्रॅम
सुगंध ०.४ ग्रॅम

सिटाइल अल्कोहोल मेणासारखं घन असतं. त्यानं लोशनला अंग येतं. करडई आपल्याकडचीच, तेल हलकं आणि त्वचेत पटकन जिरणारं. रिफाइंड घेतलंत तर पहिल्या काही खेपा सोप्या जातात. लाकडी घाण्याचं घ्यायचं असेल तर आठवडाभर न हलवता ठेवून वरचं नितळ तेल घ्या, कारण तळाच्या गाळात ओल राहते आणि तेल लवकर खवट होतं.

काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. झँथन आणि ईडीटीए मोजायला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा असेल तर उत्तम. झँथन ०.४ च्या जागी १ ग्रॅम पडलं की लोशनचा चिकट लगदा होतो. भांडी स्टीलची किंवा काचेची घ्या. तांबं-पितळ नको, त्या धातूंमुळे तेल लवकर खवट होतं.

आता पाणी. ज्या पाण्यानं बादलीला आणि गिझरला पांढरा थर चढतो, ते लोशनला चालत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काही इमल्सिफायरांना आणि स्टिअरिक अॅसिडला (घट्टपणासाठी काही कृतींत घालतात तो मेणासारखा घटक) पकडून त्यांचा साबणाच्या मळीसारखा न विरघळणारा साका करतं. बोअरचं पाणी अनेकदा अल्कधर्मी असतं, त्यामुळे लोशनचा पीएच (आम्लता-अल्कता मोजायचा आकडा) चढतो आणि काही प्रिझर्व्हेटिव्ह निकामी होतात. पाण्यात लोह असेल तर रंग पिवळा पडतो आणि तेलाला वास येतो. नळाचं पाणी बरं म्हणावं, तर आपल्याकडे ते टाकीत दिवसेंदिवस साठवावं लागतं. औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर आणणं हाच सरळ मार्ग आहे. आरओचं पाणी जडपणापुरतं ठीक, पण मशीनच्या टाकीत आणि तोटीत जंतू असतात. नाइलाजानं घेतलंच तर दहा मिनिटं उकळून, झाकून निववून वापरा. बॅटरीत घालायचं पाणी त्वचेसाठी विकलेलं नसतं, ते घेऊ नका. ईडीटीए पाण्यात राहिलेले धातूचे अंश बांधून ठेवतो. त्याची मात्रा इतकी कमी आहे की अनेक जण तो गाळतात. आपल्या भागात गाळू नका.

करायची पद्धत अशी:

१. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातला सुरू करा. ओटा, भांडी, ब्लेंडरचं टोक, चमचे, बाटल्या साबणानं धुऊन कोरडं करा आणि ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून वाळू द्या. गॅस पेटवण्याआधी फवारणी संपवून बाटली लांब ठेवा, ते भडकन पेट घेतं.

२. झँथन कोरडंच पाण्यात टाकू नका. आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग त्यात थोडं थोडं पाणी घालत जा. शेवटी ईडीटीए घालून विरघळू द्या.

३. पाण्याचं भांडं दुसऱ्या पायरीआधी रिकामं आणि आता भरलेलं असं दोन्ही वेळा तोला. आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

४. दोन्ही भाग वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन, खाली उकळतं पाणी ठेवून त्यावर तापवा. थेट आचेवर नको. दोन्ही ७० ते ७५ अंशांवर आले की झाकण ठेवून वीस मिनिटं तिथेच राहू द्या. तेलाच्या भागात एकही तुकडा दिसता कामा नये.

५. पाण्याचं भांडं पुन्हा तोला. वाफेनं गेलेलं वजन गरम डिस्टिल्ड पाण्यानं भरून काढा. ही पायरी टाळली तर प्रत्येक खेपेला लोशन वेगळं होतं आणि कारण सापडत नाही.

६. दोन्ही भागांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. तेल पाण्यात ओता. हँड ब्लेंडरचं टोक पूर्ण बुडालेलं ठेवून पंधरा-वीस सेकंद चालवा, थोडं थांबा, पुन्हा चालवा. असं दोन ते तीन मिनिटं.

७. मग ब्लेंडर बाजूला ठेवून चपट्या चमच्यानं हळूहळू ढवळत ४० अंशांपर्यंत आणा.

८. प्रिझर्व्हेटिव्ह, व्हिटॅमिन ई, सुगंध एकेक करून घाला, नीट मिसळा. पीएच पाहा. लोशन पूर्ण निवल्यावरच बाटलीत भरा.

सातव्या पायरीवर उन्हाळ्यात सगळ्यांचीच पंचाईत होते. खोलीच ३८ अंशांवर असली की लोशन ४५ वरून खाली यायलाच तयार नसतं. इतका सावकाश निवताना कोकम किंवा शियाचे कण बनतात, आणि कंटाळून गरम लोशनमध्येच सुगंध ओतला तर तो उडून जातो. परातीत माठातलं गार पाणी घ्या, लोशनचं भांडं त्यात ठेवा आणि न थांबता ढवळत राहा. परातीतलं पाणी भांड्याच्या निम्म्यापेक्षा खालीच असू द्या. एक थेंबही आत उडता कामा नये.

घुसळताना वीज गेली तर भांडं मंद आचेवरच्या गरम पाण्यात ठेवा आणि स्टीलच्या रवीनं किंवा व्हिस्कनं घुसळत राहा. लाकडी रवी नको, ती जंतुमुक्त करता येत नाही. हातानं थेंब ब्लेंडरइतके बारीक होत नाहीत. वीज आली की ७० अंशांवर आणून पुन्हा ब्लेंडर फिरवा.

आता बिघाडांकडे वळू.

वेगळं होणं

इथे आधी नीट बघा, कारण वेगळं होण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिल्यात वर दुधावरच्या सायीसारखा घट्ट पांढरा थर येतो, खाली पातळ, गढूळ पाणी राहतं, आणि बाटली हलवली की सगळं पुन्हा एक होतं. इथे थेंब शाबूत आहेत, फक्त वर चढलेत. थेंब मोठे राहिले किंवा पाणी फार पातळ असलं की असं होतं. दुसऱ्या प्रकारात वर चकचकीत मोकळं तेल दिसतं आणि हलवूनही ते काही मिनिटांत पुन्हा वर येतं. हे लोशन फुटलं.

पहिल्या प्रकारात लोशन ७० अंशांवर आणा. झँथन ०.२ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमला ०.४ ग्रॅम, चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून घाला आणि ब्लेंडर चालवा. फुटलेल्या लोशनला इमल्सिफाइंग वॅक्स कमी पडलेलं असतं. सर्वसाधारण हिशेब असा, की वॅक्ससकट तेलाच्या भागाचं जे वजन येईल त्याच्या चौथाई वॅक्स हवं. वरच्या कृतीत तेलाचा भाग ३८ ग्रॅम आहे आणि वॅक्स १० ग्रॅम. हौसेनं तेल ३० ग्रॅम केलं आणि वॅक्स तेवढंच ठेवलं, की लोशन फुटायची वेळ जवळ आली. दुरुस्तीसाठी २ ते ४ ग्रॅम वॅक्स वाढवून, पूर्ण वितळवून, पुन्हा घुसळा. दोन्ही वेळा आधी आणि नंतर वजन करा आणि उडालेलं पाणी भरून काढा. सुगंध थोडा जाईल. प्रिझर्व्हेटिव्ह मात्र दुसऱ्यांदा घालू नका, मात्रा मर्यादेबाहेर जाते. ही दुरुस्ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायची. त्याहून जुनं, किंवा वास बदललेलं लोशन तापवून वाचवू नका.

कधी लोशन तेलकट, मलमासारखं होतं आणि धुतलं तरी जात नाही. त्याचा एक थेंब पाण्याच्या ग्लासात सोडा. पाणी दुधाळ झालं तर ठीक. गोळी तशीच तरंगली तर रचना उलटी झाली आहे, म्हणजे तेलात पाणी अडकलंय. तेल किंवा मधमाशांचं मेण जास्त पडलं की हे होतं. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवी खेप करणं स्वस्त पडतं.

पातळपणा

ताजं लोशन पातळच असतं. सिटाइल अल्कोहोल आणि वॅक्सची घडी बसायला एक-दोन दिवस लागतात. तोवर हात लावू नका. दोन दिवसांनंतरही पाण्यासारखं वाहत असेल तर पुढच्या खेपेला सिटाइल अल्कोहोल ४ चं ६ ग्रॅम करा आणि तेवढं पाणी कमी करा. सुगंधी तेल जास्त घातलं तरीही लोशन पातळ होतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

ऋतूनुसार दाटपणा बदलत असेल तर संशय खोबरेलावर घ्या. ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं. डिसेंबरात सकाळी बाटलीत गोठलेलं असतं, मार्चपासून पाणी. खोबरेल जास्त असलेलं लोशन थंडीत चमच्यानं काढावं लागतं आणि मे महिन्यात पंपातून पिचकारी उडते. करडईचं तेल बाराही महिने पातळच राहतं, म्हणून मूळ कृतीत ते घेतलंय. सिटाइल अल्कोहोल ४९ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात लोशनचं अंग तेच सांभाळतं. कोकम चाळिशीच्या जरा अलीकडेच मऊ पडतं, त्याच्या भरवशावर घट्टपणा ठेवू नका.

रवाळ लागणं

चिमूटभर लोशन अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन अर्धा मिनिट चोळा. कण बोटांच्या उबेनं विरघळले, तर ते बटरचे आहेत आणि निवणं सावकाश झालंय. सगळं पुन्हा ७० अंशांवर नेऊन वीस मिनिटं ठेवा आणि यावेळी परातीत झपाट्यानं निववा. कण कडक राहिले आणि चुरडले गेले, तर सिटाइल अल्कोहोल किंवा वॅक्स नीट वितळलं नव्हतं, किंवा तापलेलं तेल गार पाण्यात ओतल्यामुळे ते तिथल्या तिथे थिजलं. इलाज तोच, पुन्हा तापवणं. पण बोटांखाली बुळबुळीत, पारदर्शक गुठळी सरकत असेल तर ते झँथन आहे आणि तापवून फारसा फायदा नाही. जंतुमुक्त केलेल्या बारीक गाळणीतून गाळा आणि पुढच्या वेळी ग्लिसरीनची पायरी सोडू नका. वॅक्सऐवजी केसांच्या कंडिशनरसाठी विकलं जाणारं बीटीएमएस हे इमल्सिफायर वापरलं असेल तर झँथन त्याच्याशी जुळत नाही, गुठळ्या होतात. दोन्हींपैकी एकच घ्या.

चोळताना पांढरा फेस

लोशन चोळलं की पांढऱ्या रेघा येतात आणि जिरायला वेळ लागतो. वॅक्स, सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिक अॅसिड यांची बेरीज जास्त झाली की हे होतं. सिटाइल अल्कोहोल निम्मं करा. १ ते २ टक्के डायमेथिकोन (एक सिलिकॉन तेल) घातलं तरी फेस कमी होतो. चोळल्यावर मळासारख्या वळ्या निघत असतील तर झँथन कमी करा. कोरडं न होता चिकचिकत राहिलं तर ग्लिसरीन बघा. ४ टक्के आपल्याकडे उन्हाळ्याला पुरतं, पावसाळ्यात ३ टक्क्यांवर आणा.

फुगे

ब्लेंडरचं टोक वर आलं की हवा आत जाते, लोशन फुगीर दिसतं आणि बाटलीत वजन कमी भरतं. त्या हवेनं तेलही लवकर खवट होतं. अरुंद आणि उंच भांडं घ्या. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

वास, डाग, बुरशी

दोन वास वेगळे ओळखायला शिका. जुन्या तळणीच्या तेलाचा वास आला तर तेल खवट झालंय. कुबट किंवा आंबूस वास, काळे-हिरवे-गुलाबी ठिपके, वर तवंग, बाटली फुगणं हे जंतूंचं काम आहे. दोन्ही लोशनं टाकून द्यायची. दुसरं तर उकळून, वरचा थर काढून, सुगंध मारून वापरायचा विचारही करू नका. जंतू नुसत्या डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधीपासून आत वाढत असतात, आणि चिरा पडलेल्या टाचेला किंवा खाजवलेल्या त्वचेला ते लावणं धोक्याचं आहे.

पाणी असलेल्या प्रत्येक लोशनला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून जपतं, जंतूंना अडवत नाही. हळद, कडुनिंब, कापूर, तुळस यांनी हे काम होत नाही. परसातली ताजी कोरफड, काकडीचा रस, दूध घातलं तर जंतूंना अन्नच मिळतं आणि १ टक्का प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडतं. ते घालायचंच असेल तर एका वेळेपुरतं करा आणि संपवा. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेटची जोडी स्वस्त मिळते, पण ती पीएच ५ च्या आसपास किंवा खालीच काम करते. बोअरच्या पाण्यानं केलेलं लोशन सातच्या वर गेलं, की ही जोडी घातली काय आणि न घातली काय, सारखंच. पीएच पाहायला एक भाग लोशन नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात कालवा आणि पट्टी बुडवा. ५ ते ५.५ हवा. जास्त असेल तर सायट्रिक अॅसिडचं पातळ द्रावण थेंब थेंब घाला, प्रत्येक वेळी ढवळून पुन्हा मोजा.

झाकणाच्या आत बघायची सवय लावा. गरम लोशन भरून झाकण लावलं की वाफेचे थेंब झाकणाला धरतात. त्या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, आणि बुरशी पुष्कळदा तिथूनच सुरू होते. म्हणून पूर्ण निवल्यावरच भरायचं, आणि बरणीपेक्षा पंपाची बाटली बरी. बरणीत रोज ओली बोटं जातात.

रंग तपकिरी होत गेला आणि वास ठीक असेल तर सुगंधात व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) आहे का पाहा. त्यानं रंग बदलतो, लोशन खराब झालेलं नसतं.

टिकतंय का, हे कसं पाहायचं

पारदर्शक बाटलीत ५० ग्रॅम लोशन घ्या, वरच्या पातळीवर मार्करनं रेघ ओढा. चोवीस तास फ्रिजमध्ये, चोवीस तास खोलीत, चोवीस तास ४० ते ४५ अंशांच्या जागी ठेवा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालची सावलीतली फळी पुरते, पण थर्मामीटर शेजारी ठेवून खात्री करा. उन्हात ठेवू नका. असे तीन फेरे करा आणि दर फेरीला थर, वास, रंग, पीएच वहीत लिहा. दुसरी एक बाटली तीन महिने नुसती कपाटात राहू द्या. ही परीक्षा रचना टिकते का एवढंच सांगते. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते.

वहीत प्रत्येक खेपेची तारीख, खोलीचं तापमान, प्रत्येक वजन आणि कुठल्या दुकानाचं काय घेतलं हे असू द्या. दुरुस्ती करताना एका खेपेला एकच गोष्ट बदला. पाणी, तेल आणि वॅक्स एकदमच बदललं तर लोशन सुधारेल कदाचित, पण कशानं सुधारलं ते कळणार नाही.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून चोवीस तास थांबा. शेंगदाण्याचं तेल वापरलं असेल तर ज्याला द्याल त्याला आधी सांगा, काहींना त्याची अॅलर्जी असते. तान्ह्या बाळांना घरचं लोशन नको.

बचत गटाच्या प्रदर्शनात किंवा जत्रेत विकायचा विचार असेल तर नियम वेगळे लागू होतात. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांखाली परवाना लागतो, आणि राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या कार्यालयात जागेच्या आणि तपासणीच्या अटी विचारून घ्या. एकदा विक्री सुरू झाली, की प्रत्येक खेपेतली एक बंद बाटली खेप क्रमांक आणि तारीख टाकून त्या खेपेची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार आली तर तपासायला तीच बाटली लागते.